झुडपी जंगल, मुठीएवढा चंडोल आणि आपली ग्रामसभा

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी वाचा, कारण शेवटी कामाचं बोलायचं आहे.

मागच्या महिन्यात कामठ्याला चौकात चहा पीत होतो. शेजारच्या बाकावर दोन ओळखीच्यांचा वाद चालला होता. एक म्हणत होता, सुप्रीम कोर्टानं झुडपी जंगलाला जंगल ठरवलं, बरं झालं, आता तिथे एकदाची झाडं तरी लागतील. दुसरा म्हणे, कसलं जंगल? चार बोरी अन् कुसळी. ती जागा मोकळी झाली असती तर प्लॉट पडले असते, सोलर आलं असतं, पोरांना काम मिळालं असतं. दोघंही चांगलेच तावात होते. मी मधे पडलो नाही. पण घरी येताना लक्षात आलं की भांडताना दोघांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत होतं. ती जागा आज रिकामी आहे, हे दोघांनीही धरूनच ठेवलं होतं.

ती रिकामी नाही, हे सांगायला ही पोस्ट. साक्षीदार म्हणून एका पाखराला आणतो आहे.

इंग्रजीत त्याला इंडियन बुशलार्क म्हणतात. सरळ मराठी करायचं तर झुडपी चंडोल. नावातच झुडपी, म्हणजे सात-बाऱ्यावर आणि पक्ष्यांच्या पुस्तकात एकच शब्द. आकार चिमणीएवढा. अंगावर मातकट, गवताच्या काडीसारख्या रेघा. तो बसला असेल आणि तुम्ही पाच पावलांवर उभे असाल, तरी दिसणार नाही. चाहूल लागली की उडत नाही, झुडपाआडून झुडपाआड धावतो, मग दबून बसतो. अगदीच पाय पडायची वेळ आली तर भुर्रकन उठतो, तेव्हा पंखात विटकरी रंग चमकतो, आणि दहा-पंधरा पावलांवर पुन्हा गवतात उतरतो. संपलं दर्शन.

हा सगळा लाजाळूपणा तो विणीच्या दिवसांत विसरतो. बोरीच्या शेंड्यावरून सरळ वर उठतो, थोडा उंच गेला की पंख ताठ करून, पाय लोंबते सोडून, छत्री उतरावी तसा तरंगत खाली येतो, आणि त्या वेळात बारीक शिट्ट्यांचं गाणं म्हणतो. गाणं काही कोकिळेसारखं नाही. न वंगवलेल्या सायकलीच्या चाकाचा आवाज आठवा, त्याच्या जवळपास. पण पहिला पाऊस पडून गेलेल्या सकाळी, बरडावर दुसरा कसलाच आवाज नसताना, ते गाणं ऐकलं की माणूस थांबतो.

मी पहिल्यांदा थांबलो तेव्हा सोबत आमच्याकडचे एक म्हातारे ढोरकी होते. विचारलं, काकाजी, हे कोणतं पाखरू? ते म्हणाले, "मले का मालूम बापा, आमी त चिमनीच मनतो. पर खाली पाहून चाल, तिचा खोपा भुईवरच रायते." पक्ष्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्याचं घर कुठे असतं ते ठाऊक होतं. पुढे दोन वर्षं मी खाली पाहूनच चालतो आहे आणि एकच घरटं दिसलं आहे. गवताच्या बुडख्याशी खळगा, वरून काड्यांचं अर्धवट छप्पर. बस.

(पक्षी बघणाऱ्यांसाठी: याच जागी डोंबारीही असतो, तीरचिमण्या असतात, गवतातला वटवट्या असतो. झाडीपट्टीच्या बरडावर फक्त झुडपी चंडोलच आहे असा माझा दावा नाही. एकाची गोष्ट सांगितली की बाकीच्यांची आपोआप सांगून होते.)

आता आमच्या जिल्ह्याला पक्ष्यांचं प्रेम नाही असं कुणी म्हणणार नाही. गोंदिया म्हणजे सारस. माणसाच्या उंचीचा पक्षी, जोडीनं फिरतो, धानाच्या बांध्यांत उभा राहिला तर रस्त्यावरून दिसतो. महाराष्ट्रात तो उरला आहे तोच मुख्यतः आपल्याकडे. त्याच्यासाठी गावोगाव लोक राबले, शेतकऱ्यांनी घरटी सांभाळली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण सारसाला पाणी लागतं, तलाव लागतो, बोडी लागते, बांधी लागते. आपल्या जिल्ह्यात पाण्याला मान आहे. मालगुजारांच्या तलावांवर लेख येतात, गाळ काढायला निधी येतो. तलावाच्या वरच्या अंगाला जी कोरडी, मुरमाड, पाणी न थांबणारी बरड आहे, तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही. पाऊस चांगला पडतो आपल्याकडे, पण बरडावर तो थांबत नाही. तिथे आठ महिने वाळलेलं गवत आणि खुरटी बोरं, पळस. त्या जागेला मान नाही, म्हणून तिथल्या पाखरालाही नाही.

मान नसण्याचा इतिहास जुना आहे. आपला भाग आधी मध्य प्रांतात, मग मध्य प्रदेशात. कामठा हे जमीनदारीचं ठिकाण होतं, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. जमीनदारी, मालगुजारी गेल्यावर १९५० च्या कायद्यानं गावाभोवतीच्या बिनशेतीच्या जमिनी सरकारकडे आल्या. त्यांच्या नोंदी झाल्या: कुठे गुरचरण, कुठे आखर, कुठे स्मशान, आणि जिथे नुसती झुडपं होती तिथे "झुडपी जंगल". १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, कागदपत्रं तीच आली. बालाघाटकडे अजूनही "बडे झाड का जंगल" आणि "छोटे झाड का जंगल" अशा नोंदी सापडतात. आपल्याकडे छोट्या झाडाचं झुडूप झालं, आणि झुडूप म्हटल्यावर त्याला कुणी जंगल मानेना.

पण त्या शब्दापुढे "जंगल" होतं ना! तिथेच भांडण. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सरकारी नोंदीत जे जे वन आहे ते वनच, मालकी कुणाचीही असो. मग पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, गावांची कामं अडली. शाळा झुडपीवर, वस्ती झुडपीवर, दवाखाना झुडपीवर. वनीकरणाला योग्य नाही म्हणून ८६ हजार ४०९ हेक्टर जमीन यातून सोडवावी, असा राज्याचा जुना आग्रह. तो वाद अखेर २२ मे २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठानं निकाली काढला. झुडपी जंगल हे वनच. मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं दिलेल्या जमिनी केंद्राच्या मंजुरीनं नियमित करायची वाट ठेवली. तीन हेक्टरच्या आतले, जंगलाला न लागलेले तुकडे संरक्षित वन करायचे आणि त्यांवर अतिक्रमण होऊ द्यायचं नाही. उरलेल्या जमिनी महसूल खात्यानं वन खात्याकडे द्यायच्या.

मला हा निकाल चांगला वाटतो. ज्यांची घरं, शाळा पन्नास वर्षांपासून उभ्या आहेत त्यांना कोर्टानं उठवलं नाही, आणि उरलेलं बिल्डरच्या घशात जाऊ दिलं नाही. आपल्या भागाची ओळख असलेला माणूस त्या खुर्चीत होता, त्याचाही उपयोग झाला असेल.

माझी काळजी पुढची आहे. जमीन वन खात्याकडे गेली की वन खातं काय करणार? ज्याच्या हाती हातोडा त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, असलं काही मी म्हणणार नाही. तिथेही गवत ओळखणारी माणसं आहेत, मला भेटली आहेत. पण खात्याचं यश मोजलं जातं ते झाडांच्या आकड्यात. आठवा, राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. इतकी रोपं लावायला जागा कुठून येते? घनदाट जंगलात खड्डे करता येत नाहीत. शेतात शेतकरी करू देत नाही. मग उरते ती "रिकामी" जागा. माळ, बरड, झुडपी.

आणि मोजमापाची गंमत बघा. देशाचं वन सर्वेक्षण करताना जिथे झाडांची सावली जमिनीच्या दहा टक्क्यांहून कमी, ती जागा वनाच्छादनात धरत नाहीत, "झुडूप" म्हणून वेगळी टाकतात. दुसरीकडे केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमीन "पडीक" या सदरात जाते. २०१९ च्या आवृत्तीत देशभरात अशा सगळ्या प्रकारच्या पडीक जमिनी मिळून साडेपाच कोटी हेक्टरांहून जास्त दाखवल्या आहेत, म्हणजे देशाचा सहावा हिस्सा! कोर्टाच्या कागदात वन, सर्वेक्षणात वन नाही, नकाशात पडीक. झुडपी चंडोलानं कोणता कागद दाखवायचा?

आमच्या बाजूच्या एका तुकड्यावर काही वर्षांपूर्वी काम झालं. कुणी केलं ते सोडा. मे महिन्यात जेसीबी आला, सलग समतल चर खोदले, मधे खड्डे घेतले. जुलैत रोपं लावली, फोटो झाले, फलक लागला. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत निम्म्याहून जास्त रोपं वाळली. त्यात आश्चर्य काय? जिथे हजारो वर्षांत मोठं झाड उभं राहिलं नाही तिथे मुरमात रोप किती जगणार? पण रोपं मेली याचं मला इतकं दुःख नाही. चर खोदताना गवताचे बुडखे उपटले गेले. मातीच्या ढिगांवर तरोटा आणि रायमुनिया माजली. कुसळी परत आली नाही, ढोरं त्या बाजूला जात नाहीत, आणि त्या तुकड्यावर मी चंडोलाची ती वंगण नसलेली शिट्टी पुन्हा ऐकलेली नाही. शेजारच्या, हात न लागलेल्या तुकड्यावर मात्र याही जूनला ऐकली.

वेळ तर अशी की बघा. हा पक्षी पावसाच्या आगेमागे भुईवर अंडी घालतो. आपला वृक्षारोपणाचा मोसमही तोच.

यात अजून एक पदर आहे, तो नीट समजून घ्या. कुठे तरी खाण, रस्ता, धरण यासाठी जंगल तोडलं की त्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावावी लागतात, ती भरपाई वनीकरणाची भानगड. त्यासाठी झुडपी जमीन फार सोयीची. निकालात कोर्टानं यावर बंधन घातलं आहे. वनेतर जमीन उपलब्ध नाही असा मुख्य सचिवांचा दाखला असल्याशिवाय झुडपी त्या कामाला द्यायची नाही, आणि द्यायची वेळ आली तर दुप्पट क्षेत्र. बंधन चांगलं आहे. पण दाखला हा शेवटी दाखलाच. तो मिळाला की काय होईल? तिकडे उंच झाडांचं जंगल जाईल, इकडे गवताचं जंगल जाईल, आणि वहीत हिशेब बरोबर जुळेल.

चौकातल्या दुसऱ्या मित्राचं उत्तर राहिलं, तो म्हणेल, एका चिमणीसाठी गावाचा विकास अडवता का? त्याला माझा उलट प्रश्न आहे. तुझ्या घरच्या गाई कुठे चरतात? रोवणीनंतर चार महिने सगळ्या बांध्यांत धान उभं असतं, ढोरं कुठे नेतोस? शेणखत कुठून येतं? सरपण, बोरं, झाडूचं गवत, पळसाची पानं? जी जागा चंडोलाला लागते तीच गायीला लागते, हा काही योगायोग नाही. हे गवत चरण्यानं टिकतं. पूर्ण कुंपण घालून ठेवलं तर काही वर्षांत तिथे झुडपांची गच्च जाळी होईल आणि चंडोलही जाईल. अति चराई झाली तर माती उघडी पडेल, तेव्हाही जाईल. म्हणजे ढोरकी आणि पाखरू, दोघांचं मधलं गणित सांभाळावं लागतं. हे गणित त्या काकाजींना येतं. आराखड्यात कुठे दिसत नाही.

आणि हे आपल्या एका गावाचं रडगाणं नाही. २०२३ च्या "स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स" अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल काढता आला, त्यातल्या ६० टक्के घटल्या आहेत, आणि गवताळ, मोकळ्या जागांवरचे पक्षी जोरात घटणाऱ्यांत आहेत. सोलापूरकडे माळढोकासाठी १९७९ साली साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य कागदावर झालं, पुढे ते बाराशेवर आलं, आणि नान्नजला आज माळढोक दिसला तर बातमी होते. तिथल्या माळावरही झाडं लावली होती, बरं का. चांगल्या हेतूनं. माळढोक मोठा होता, नाव होतं, अभयारण्य होतं, तरी ही गत. झुडपी चंडोल अजून धोक्याच्या यादीत नाही. म्हणूनच आत्ता बोलायचं.

मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. आयुष्याची कितीतरी वर्षं ते आपल्याच नवेगावबांधला होते, आणि पक्ष्यांची, झाडांची नावं त्यांनी इथल्याच माणसांकडून गोळा केली. त्यांना श्रद्धांजलीचे फलक लागले, ठीक. पण आज आपल्याला बरडावरच्या पाखराचं गावचं नाव सांगता येत नाही. कुणाच्या आजीला येत असेल तर कमेंटमध्ये लिहा, खरंच.

आता कामाचं.

झुडपी वन ठरली याचा एक अर्थ आपल्याकडे कुणी सांगत नाही. २००६ चा वनहक्क कायदा कोणत्याही प्रकारच्या वनजमिनीला लागू होतो, अवर्गीकृत, अभिलिखित, मानीव, सगळ्या. त्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत निस्ताराचा उल्लेख आहे, आणि जमीनदारीच्या काळात चालत आलेले हक्कही त्यात स्पष्ट घेतले आहेत. चराईचा हक्क आहे. सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्कही आहे. कामठ्यासारख्या जमीनदारीतल्या गावांसाठीच जणू ते कलम लिहिलंय. आपल्या निस्तारपत्रकात कोणत्या गटावर काय हक्क लिहिले आहेत ते किती जणांनी बघितलं आहे? मीही गेल्या वर्षीपर्यंत बघितलं नव्हतं. दावा गावानं केला तर त्या जागेवर गवत ठेवायचं की खड्डे खोदायचे, यात गावाचा शब्द राहतो. दावा केला नाही तर आराखडा दुसऱ्याच्या टेबलावर होईल आणि आपल्याला फलक लागल्यावर कळेल.

म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी तीन विषय लेखी देतो आहे. गावच्या शिवारातल्या झुडपी गटांची यादी, निस्तारपत्रकासह, वाचून दाखवावी. सामूहिक वनहक्काच्या दाव्यासाठी वनहक्क समितीनं काम सुरू करावं. आणि लोकजैवविविधता नोंदवहीत बरडावरचं गवत, पक्षी आणि चराईची माहिती भरावी. ही वही कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीनं एका बैठकीत भरून दिलेली असते, आपली कशी आहे ते उघडून बघू.

झाडं लावायला माझा विरोध नाही. रस्त्याच्या कडेला लावा, शाळेत लावा, तलावाच्या पाळीवर लावा, धुऱ्यावर लावा, मी खड्डे करायला येतो. फक्त बरडावर जेसीबी नको.

ज्यांच्याकडे जुनं निस्तारपत्रक किंवा वाजिब-उल-अर्जाची नक्कल घरात पडून असेल त्यांनी मला फोन करा, झेरॉक्सचा खर्च माझा. आणि रविवारी सकाळी सहाला मी बरडाकडे जाणार आहे. सोबत यायचं असेल तर या, पण कुत्रं आणू नका, अन् खाली पाहून चाला.